वस्तीवरची लाईट

मंडळी, एक साधा प्रश्न विचारतो. तुमच्या घरी लाईट कधी आली?

शहरात वाढलेल्यांना हा प्रश्नच कळत नाही. फ्लॅट घेतला तेव्हा लाईट होतीच की! पण आमच्या बारामती-इंदापूरकडच्या कुणाही साठीच्या पुढच्या माणसाला विचारून बघा. तो जरा वेळ आठवेल आणि सन न सांगता "दुष्काळाच्या पुढल्या साली" किंवा "थोरलीचं लगीन झालं त्या वर्षी" असं काहीतरी सांगेल. त्याहून गंमत म्हणजे तो उलट विचारेल, "गावातली इचारताय का वस्तीवरची?" कारण ही दोन उत्तरं वेगळी असतात. कधी कधी त्यांच्यात वीस-वीस वर्षांचं अंतर असतं.

हे मधलं अंतर कुठल्याही सरकारी अहवालात नीट सापडत नाही. पण आमच्या घरच्यांचं अर्धं आयुष्य त्यातच गेलं. म्हणून म्हटलं, एकदा लिहून ठेवू.

आधी थोडा मोठा इतिहास. आपल्या पुणे-मुंबईच्या पट्ट्यात पाण्यावरची वीज आली ती १९१५ साली, टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून. ती वीज घाटावरच्या पाण्याची, पण गेली खाली मुंबईच्या गिरण्यांना. खेड्यांचा त्यात संबंध नव्हता. १९४७ साली सगळ्या देशात मिळून वीज पोचलेली गावं होती सुमारे १५०० (लाखात नव्हे, पंधराशेच!). मग १९४८ चा वीजपुरवठा कायदा झाला, राज्यांची वीज मंडळं झाली. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० च्या जूनमध्ये आपलं एमएसईबी आलं. साठीच्या सुरुवातीला कोयनेची वीज सुरू झाली. १९६९ मध्ये दिल्लीत ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ निघालं आणि खेड्यांकडे तारा ओढायला कर्जाऊ पैसे मिळू लागले.

आता यातली एक मेख सांगतो. 'गावात वीज आली' म्हणजे नक्की काय? १९९७ पर्यंत व्याख्या अशी होती की गावाच्या महसुली हद्दीत कुठेही, कोणत्याही कामाला वीज वापरली की ते गाव विद्युतीकृत. म्हणजे शिवारातल्या एका विहिरीवर एक मोटार चालू झाली की झालं, अख्खं गाव उजळलं! कागदावर. १९९७ मध्ये अट आली की लोक राहतात त्या भागात वीज हवी. २००४ मध्ये आणखी दुरुस्ती झाली. गावठाणात आणि दलित वस्तीत ट्रान्सफॉर्मर आणि तारा हव्यात, शाळा-पंचायतीसारख्या जागी वीज हवी आणि किमान १० टक्के घरांत कनेक्शन हवं. दहा टक्के! म्हणजे शंभरातल्या नव्वद घरांत कंदील असला तरी गाव पास. २०१८ च्या एप्रिलमध्ये मणिपूरमधल्या लायसांग गावात वीज पोचली आणि देशातलं शेवटचं गाव उजळल्याचं जाहीर झालं. ते याच हिशोबाने.

आणि आमच्याकडे तर बहुतेक माणसं गावठाणात राहतच नाहीत.

याला कारण कॅनॉल. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळानंतर नीरा डाव्या कालव्याचं काम निघालं आणि १८८५ च्या सुमारास त्यात पाणी आलं. पुरंदर, बारामती, इंदापूर असा तो येतो. पुढे १९२८ च्या सुमारास भाटघरचं मोठं धरण झालं, पाणी वाढलं, ऊस वाढला, वालचंदनगर वसलं, नंतर सहकारी कारखाने उभे राहिले. उसाला राखण लागते आणि रात्री-अपरात्री पाणी धरावं लागतं. बारा महिने जनावरं रानात. मग माणसं हळूहळू गाव सोडून रानात राहायला गेली. सुरुवातीला नुसतं छप्पर, मग मातीच्या भिंती, मग पत्रा. चार-पाच भाऊबंदांची घरं झाली की ती वस्ती. नाव आडनावावरून नाहीतर मळ्यावरून. आमच्या गावच्या गावठाणात आजही मारुतीचं देऊळ, पंचायत, शाळा आणि थोडी घरं. बाकी सगळं गाव चार-पाच किलोमीटरच्या घेरात वस्त्यांवर पांगलेलं.

विजेच्या तारा आल्या त्या गावठाणात. वस्ती राहिली अंधारात.

आमची वस्ती इंदापूर तालुक्यात, लासुर्ण्याच्या पुढे, कॅनॉलपासून दोन-तीन शेतं आत. आजोळ मात्र बारामतीच्या जिरायत पट्ट्यात, सुप्याच्या अंगाला. एकाच जिल्ह्यातली, शेजारशेजारच्या तालुक्यांतली, पण दोन वेगळी जगं. इकडे काळी रानं, पाटाचं पाणी, ऊस. तिकडे मुरूम, बाजरी, हुलगा आणि आभाळाकडे लागलेले डोळे. हे दोन प्रकारच्या मातीचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमच्या विहिरीवर आधी मोट होती. मग आबांनी (माझे आजोबा) ऑईल इंजिन घेतलं. ते सुरू करायला हॅंडल मारावं लागे आणि दोन माणसांचा जीव मेटाकुटीला येई. मग बहात्तरचा दुष्काळ पडला. विहिरी खोल गेल्या. त्यानंतर एक-दोन वर्षांत शिवारात विजेचे खांब आले आणि १९७४ साली आमच्या विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटार बसली.

लाईट आली ती अशी. माणसांसाठी नाही, उसासाठी! घरात चिमणी आणि कंदील, आणि दोनशे पावलांवर विहिरीवर ४०० व्होल्टची थ्री फेज लाईन. आजी म्हणायची, "पाण्याला लाईट हाय, आन् सुनंला न्हाई."

घरगुती कनेक्शनसाठी वेगळा अर्ज, वेगळं कोटेशन, आणि लांब वस्ती असेल तर खांबांचा खर्च. ते आम्हाला मिळालं थेट १९९३ साली. मधली एकोणीस वर्षं घरात दिवे लागले ते माझ्या थोरल्या चुलत्यांच्या, म्हणजे तात्यांच्या हातचे.

तात्यांचं शिक्षण सातवी. आयटीआय वगैरे काही नाही. मोटार बसवायला जो वायरमन आला होता त्याच्या हाताखाली तीन दिवस पक्कड-पाना देत उभे राहिले, एवढंच काय ते प्रशिक्षण. मग इंदापूरच्या बाजारातून सामान आणलं. काळे बॅकेलाईटचे होल्डर, पितळी खटक्याचे गोल स्विच, चिनी मातीचे किटकॅट फ्यूज, लाकडी पट्ट्या आणि वायर धरायच्या पत्र्याच्या क्लिपा. भिंत मातीची, तिच्यात खिळा ठरत नाही. म्हणून आधी भिंतीत लाकडाच्या खुंट्या ठोकल्या, त्यांवर पट्टी, पट्टीवर वायर. बोर्ड आंब्याच्या फळीचा. स्विच जमिनीपासून इतका उंच की आम्हा पोरांचा हात पोचू नये. आजीचाही पोचायचा नाही, म्हणून तिच्यासाठी खाली एक दगड ठेवलेला असे.

लाईनला टेस्टर लावून फेज ओळखायचा. तारेचा पीळ उजवीकडे द्यायचा म्हणजे स्क्रू आवळताना सुटत नाही. जोड दिला की तो दुसऱ्या तारेच्या जोडासमोर येऊ द्यायचा नाही, चार बोटं मागं-पुढं. ओल्या हाताने नाही, अनवाणी नाही, पायाखाली कोरडी फळी. हे सगळे नियम तात्यांना तोंडपाठ होते आणि ते बरोबरच होते. वस्तीवरची वायरिंग म्हणजे अडाण्यांचा कारभार, असं शहरातल्या लोकांना वाटतं. तसं नाही हो. त्यात एक शिस्त होती, नीटनेटकेपणा होता. फक्त त्या शिस्तीत एक मोठं भोक होतं. त्याचं नाव न्यूट्रल.

आता जरा तांत्रिक सांगतो, कंटाळू नका. बल्ब लागायला दोन तारा लागतात. एक फेज आणि एक न्यूट्रल (आमच्याकडे 'झिरो' म्हणतात). मोटार थ्री फेजची. तिला तीन फेज पुरतात, झिरो लागत नाही. म्हणून विहिरीवर स्टार्टरपर्यंत तीनच तारा यायच्या. झिरो राहायचा पलीकडे डीपीवर. (डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर. तो शब्द आमच्याकडे कुणी वापरत नाही.) आता घरात बल्ब लावायचा तर काय करायचं? दोन फेजांमध्ये लावला तर ४०० व्होल्टने लगेच फुटतो. मग कुणीतरी, कधीतरी, एक शोध लावला होता आणि तो शिवारभर पसरला होता. एक फेज घरात न्यायचा, बल्बमधून काढायचा आणि दुसरं टोक जमिनीत पुरायचं! पहारीएवढी लोखंडी सळई ठोकायची, तिला तार बांधायची. जमीन हाच झिरो. डीपीचा झिरो तिकडे जमिनीतच पुरलेला असतो, त्यामुळे मातीतून सर्किट पुरं होतं. शिवाय विहिरीपासून घरापर्यंत दोनाऐवजी एकच तार ओढावी लागते. निम्मा खर्च वाचला.

आणि बिल? सत्तरच्या दशकातच शेतीपंपाला मीटरऐवजी हॉर्सपॉवरवर ठोक आकारणी सुरू झाली होती. तीन बल्ब जास्त जळले काय नि कमी जळले काय, आकडा तोच. (नियमात ते बसत नव्हतं, हे वेगळं. पण त्या काळी शिवारात कुणाला विचारलं तर हसला असता.)

याला 'अर्थिंगवर लाईट चालवणे' म्हणत. उन्हाळ्यात माती वाळली की बल्ब पिवळा पडायचा. मग आजी ओरडायची, "आरं, अर्थिंगला पाणी घाला रं कुणीतरी!" आणि कुणीतरी पोरगं तांब्या घेऊन पळायचं. सळईच्या बुडात पाणी ओतलं की घरात उजेड वाढायचा. झाडाला पाणी घालतात तसं आम्ही लाईटला पाणी घालायचो! पुण्यात मित्रांना हे सांगतो तेव्हा ते थापा समजतात.

इथे ते दोन मातींचं प्रकरण येतं. आमच्या कॅनॉलच्या पट्ट्यात पाणी इतकं मुरलेलं की खालची रानं खारवट, चोपण झालेली. नीरा कालव्याखालच्या चोपण जमिनींचं दुखणं इंग्रजांच्या काळापासूनचं. पिकाला ती जमीन वाईट, पण ओली आणि खारट माती वीज मात्र झकास वाहून नेते. त्यामुळे आमच्याकडे बल्ब ढणढणीत. आजोळी मुरमात मामा सळई ठोकून दमायचे, खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालायचे, तरी बल्ब आपला निखाऱ्यासारखा लाल. जमीन नापीक झाली तिथे लाईट चांगली. असला हिशोब!

आता यातला धोका. बल्बच्या पुढची, सळईकडे जाणारी तार सगळ्यांना 'मेलेली' वाटायची. करंट तर बल्बात संपला, पुढे काय राहिलं? ६० वॅटचा बल्ब साधारण पाव अँपिअर करंट घेतो. सळई चांगली पुरलेली असेल तोवर ठीक. पण तो जोड गंजून सुटला की बल्ब विझतो आणि ती 'मेलेली' तार पूर्ण २३० व्होल्टवर जाते. तिला ओल्या अंगाचं माणूस चिकटलं तर बल्ब आणि माणूस मिळून सर्किट पुरं होतं आणि अंगातून शंभर मिलिअँपिअरच्या वर करंट जाऊ शकतो. हृदय बंद पडायला तेवढा पुरतो. आणि फ्यूज? फ्यूज पाच अँपिअरला उडतो. त्याच्या दृष्टीने काही घडलेलंच नसतं.

आमच्याकडे ते घडलं १९८१ च्या पावसाळ्यात. मी तेव्हा लहान होतो, पण घरात ते इतक्यांदा बोललं गेलंय की मी पाहिल्यासारखं सांगू शकतो. संध्याकाळी बल्ब गेला. बल्ब जाणं ही रोजचीच गोष्ट, कुणी लक्ष दिलं नाही. आजीने चिमणी लावली. सळईचा जोड सुटला होता आणि तार वाऱ्याने हलून गोठ्याच्या पत्र्याला टेकली होती. गोठ्याच्या मेढी लाकडी, म्हणजे पत्रा अधांतरी. थोड्या वेळाने आजीला स्वयंपाकघरातला विझलेला बल्ब एकदम लालसर पेटलेला दिसला. क्षणभर. मग विझला, मग पुन्हा लाल. तिने बाहेर हाक मारली, "लाईट आली का रं?"

लाईट आली नव्हती. गोठ्यात आमची म्हैस पत्र्याला शिंग लावून थरथरत होती. आबा धावले. त्यांनी म्हशीला हात लावायच्या आत तात्यांनी विहिरीकडे पळत जाऊन मेन पाडला म्हणून पुढचं टळलं. म्हैस गेली. व्यायला एक महिना राहिला होता.

त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही. आजीचं म्हणणं एकच, "म्हशीच्या जागी पोरगं असतं तर?" तात्या काही बोलले नाहीत. त्या वर्षीच्या उसाच्या बिलातून आबांना बैलजोडी घ्यायची होती. ती राहिली. त्या पैशातून डीपीपासून घरापर्यंत झिरोची वेगळी तार आली, स्वतंत्र, बाभळीच्या मेढींवर चिनी मातीचे कप लावून. तात्यांनी सळई उपटली आणि विहिरीत टाकून दिली. आमच्या घराच्या इतिहासात मी ही तारीख लाईट येण्यापेक्षा मोठी मानतो.

पण म्हणून लाईटवरचा विश्वास गेला का? मुळीच नाही. लाईटने दिलेलं फार होतं. संध्याकाळच्या धारा उजेडात निघू लागल्या. विंचू-काटा दिसू लागला. (आमच्याकडे रात्री चुलीपुढच्या जळणात काय काय निघायचं, विचारू नका.) माझी थोरली चुलतबहीण दहावीचा अभ्यास बल्बखाली करून पास झाली, वस्तीवरची पहिली मुलगी. १९८७ मध्ये 'रामायण' लागलं तेव्हा चार वस्त्यांत मिळून एक ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही होता आणि लाईट गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी काढून त्याला जोडायचं खातं तात्यांकडे. रविवारी सकाळी तात्या कुठेही असले तरी नऊच्या आत वस्तीवर हजर! मग कडबाकुट्टीला मोटार बसली आणि बायकांचे तासन् तास वाचले. घरच्या इतिहासात वायर ओढल्याचं श्रेय पुरुषांना मिळतं, पण वायर सांभाळली बायकांनी. पुरुष रानात असताना फ्यूज गेला तर काकूच तार घालायची. किटकॅट उपसायचा, केसाएवढी एकच तार ओढून घ्यायची आणि पुन्हा दाबायचा. "दोन तारा घातल्या तर टिकंल की," असं कुणी म्हटलं तर ती म्हणायची, "टिकावी म्हणून न्हाई, तुटावी म्हणून असती ती." फ्यूजची याहून सोपी व्याख्या मी इंजिनिअरिंगच्या पुस्तकातही वाचली नाही.

याच काळात तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला वेगळंच काही चाललं होतं. १९८० मध्ये उजनी धरण झालं. तब्बल ११७ टीएमसीचं. भीमाकाठची गावं पाण्याखाली गेली, पळसदेवसारखी गावं उठून वर आली. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांनी आणि वरच्या लोकांनी मग त्याच फुगवट्यावर मोटारी बसवल्या. पण धरणाचं पाणी एका जागी थांबत नाही. दिवाळीत दारात असलेलं पाणी एप्रिल-मेमध्ये पार लांब जातं. मग मोटार उचला, पाईप वाढवा, केबल वाढवा. पुन्हा आठवड्याने तेच. पावसाळ्यात पाणी चढायला लागलं की सगळं उलट क्रमाने मागे. चिखलात, ओल्या केबलवर, जोडावर जोड. भिगवणला फ्लेमिंगो बघायला जाणाऱ्यांनी कधी काठाकडेही बघावं. पक्ष्यांइतकीच मोटारींची रांग दिसेल. ज्यांच्या घरावरून पाणी गेलं तेच लोक त्या पाण्यामागे केबल घेऊन चालत जातात. मला ते दृश्य नेहमी अस्वस्थ करतं.

२००५ मध्ये एमएसईबीच्या कंपन्या झाल्या. वस्तीवर त्याचा फरक कुणाला कळला नाही, कारण तोवर लोडशेडिंग सुरू झालं होतं. त्या वर्षांत खेड्यांत दिवसाचे बारा-बारा तास लाईट नसायची. सरकारने तोडगे काढले. अक्षय प्रकाश योजनेत गावाने संध्याकाळी मोटारी चालवायच्या नाहीत आणि बदल्यात घरांना उजेड घ्यायचा, असा समझोता होता. गावठाणाचे फीडर वेगळे केले. सिंगल फेजिंग आणलं, म्हणजे घरचे दिवे लागतील पण थ्री फेजची मोटार चालणार नाही. पण शेतकऱ्याचं डोकं ते! बाजारात लगेच कॅपॅसिटरचे डबे आले. तो लावला की नसलेला फेज 'तयार' होतो आणि मोटार फिरते. ती गरम व्हायची, गुरगुरायची, मग एके दिवशी जळायची आणि भरायला टाकावी लागायची. शिवारातल्या सगळ्यांनीच असं केलं की डीपी जळायचा. मग वर्गणी, ट्रॅक्टर, हेलपाटे... आणि तोवर ऊस वाळतोय. कुणाला दोष द्यायचा? उभं पीक डोळ्यांदेखत जळत असताना नियम पाळणारा माणूस मला तरी भेटलेला नाही.

थ्री फेज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री, हे वेळापत्रक आमच्या हाडीमाशी भिनलेलं. रात्रीच्या आठवड्यात बाराला लाईट येणार म्हणून माणूस बॅटरी आणि काठी घेऊन रानात. साप, तरस, अलीकडे बिबट्या. मग स्टार्टरला 'ऑटो' आले, लाईट आली की मोटार आपोआप सुरू. नंतर मोबाईलवरून मोटार सुरू करायची यंत्रं आली. त्यातलं गाजलेलं 'नॅनो गणेश' हे पुण्याच्याच संतोष ओस्तवाल यांचं. आमच्या तात्यांना त्याचं कोण कौतुक! अंथरुणावर पडून मिस्ड कॉल देऊन मोटार चालू करायची, हे त्यांना चंद्रावर जाण्याहून मोठं वाटलं.

आता अलीकडची गोष्ट. गेल्या वर्षी आम्ही भावंडांनी ठरवलं की वस्तीवरच्या घराची सगळी वायरिंग नवी करायची. तात्या आता ऐंशीच्या घरात. जुन्या लाकडी पट्ट्या निघताना ते ओट्यावर बसून बघत होते. नवा बोर्ड बसला, एमसीबी बसले, रीतसर अर्थिंग झालं आणि मी आग्रहाने आरसीसीबी बसवून घेतला. हे यंत्र फार साधं काम करतं. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच झिरोमधून परत आला का, हे सतत मोजत राहतं. ३० मिलिअँपिअरचा जरी फरक पडला, म्हणजे करंट दुसऱ्याच कुठल्या वाटेने (माणसाच्या अंगातून, समजा) जमिनीत गेला, की डोळ्याचं पातं लवायच्या आत लाईन तोडतं.

सगळं जोडलं, चालू केलं. आणि विहिरीवरच्या दिव्याचं बटण दाबलं की घरातला आरसीसीबी खट्कन पडायचा. पुन्हा वर केला, पुन्हा पडला. इलेक्ट्रिशियन म्हणाला, पीस खराब दिसतोय, बदलू. तात्या ओट्यावरून उठले. काठी टेकत विहिरीपर्यंत गेले, मोटारीच्या खोलीमागे वाकून बघितलं आणि चुलतभावाला हाक मारली.

दिव्याला घरातून एकच तार गेली होती. दुसरं टोक विहिरीच्या लोखंडी डिलिव्हरी पाईपला बांधलं होतं.

लोडशेडिंगच्या काळात पंपाची लाईन बंद असायची, म्हणून चुलतभावाने विहिरीवरचा दिवा घरच्या लाईनवर घेतला होता. दुसरी तार कमी पडली, मग लहानपणी ऐकलेली युक्ती वापरली. पंधरा-सोळा वर्षं तो दिवा तसाच चालला होता आणि त्या पाईपला रोज कुणी ना कुणी हात लावत होतं. यंत्र खराब नव्हतं. त्याने पहिल्याच दिवशी आमच्या घरचं जुनं गुपित उघडं केलं होतं.

तात्या रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "म्हशीचं तुला म्हाईत न्हवतं का?"

चुलतभाऊ म्हणाला, "म्हाईत हुतं की. पर ती कशानं मेली ते कुणी सांगितलंच न्हाई. समदी म्हणायची, करंट लागून मेली."

तात्यांनी त्याच्या हातातली पक्कड घेतली आणि ती तार स्वतः तोडली.

मला वाटतं, वस्तीवरच्या विजेचा सगळा इतिहास या दोन वाक्यांत आहे. युक्ती हातातून हातात गेली, कारण तिचा रोज उपयोग होता. धोका मात्र गोष्ट होऊन राहिला. म्हैस लक्षात राहिली, सुटलेला जोड विसरला गेला. आमच्या बापजाद्यांनी कुणाची वाट न बघता स्वतःच्या हाताने उजेड केला, याचा मला अभिमान आहे. पण त्यांनी तो स्वतः केला कारण दुसरं कुणी करून देत नव्हतं, हेही तितकंच खरं. एकोणीस वर्षं कोटेशनची वाट बघणाऱ्या माणसाने सळई ठोकली तर चूक कुणाची, हा प्रश्न सळईपाशी संपत नाही.

आता दिवस बदललेत. २०१७ पासून सौर कृषी वाहिनीची योजना आली, शेतीला दिवसा वीज द्यायचं चाललंय. २०२४ मध्ये साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांचं बिल सरकारने माफ केलं. जिरायत पट्ट्यात मामांच्या रानात सोलर पंप आलाय. तिथे खांब नाही, डीपी नाही, रात्रीचं पाणी नाही. मामा हसून म्हणतात, "हितं आता मुरूम नडत न्हाई." पण सोलरच्याही तारा असतात मंडळी, आणि पोरं तिथेही काहीतरी युक्ती काढतीलच. काढू द्यात. फक्त युक्तीबरोबर तिचं कारणही सांगत जा.

आणि नातेवाइकांना एक विनंती. आपापल्या वस्तीवर लाईट कधी आली, कुणी ओढली, काय झालं, ते म्हाताऱ्या माणसांना विचारून वहीत लिहून ठेवा. साल आठवत नसेल तर दुष्काळ, लग्न, म्हैस काहीही चालेल. गावाची तारीख सरकारकडे आहे. वस्तीची फक्त त्यांच्याकडे.